गिटार ॲम्प्लिफायरमधील पॉवर व्हॉल्व्ह : निवड आणि बायसची मांडणी

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इलेक्ट्रॉनिक्स या शाखेचा पाया निर्वात नलिकेने म्हणजेच व्हॉल्व्हने घातला. १९०४ साली जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी डायोड व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे विद्युतअग्र बसवले आणि प्रवर्धनाचा मार्ग मोकळा झाला. पुढे ट्रान्झिस्टर आला, त्यानंतर एकात्मिक परिपथ आले आणि रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक या सर्व क्षेत्रांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. तथापि एका क्षेत्रात त्याने आपले स्थान आजही टिकवून ठेवले आहे. ते क्षेत्र म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर होय.

भारतातही व्हॉल्व्हची परंपरा समृद्ध होती. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाने १९६१ पासून रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन केले. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ हे गिटार ॲम्प्लिफायरमध्ये वापरले जाणारे प्रकारही या कंपनीच्या नावाने बाजारात होते. महाराष्ट्राच्या खेडोपाडी जत्रा, कीर्तन, तमाशा आणि निवडणुकीच्या सभा यांतून व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर व कर्णे दीर्घकाळ वाजत राहिले. मुंबईच्या चित्रपट-संगीतात १९६० आणि १९७० च्या दशकांत इलेक्ट्रिक गिटारला मानाचे स्थान मिळाले. बुलबुल तरंगाला पिकअप बसवून तयार झालेला मिरवणुकीतील बँजो हाही विजेवर वर्धित झालेल्या तंतुवाद्याचाच मराठी आविष्कार आहे.

आज महाविद्यालयीन युवा महोत्सवांत गिटार सर्रास दिसते. काही वादक व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर परदेशातून मागवतात, तर काही जण जुने सभेचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करून वापरतात. मात्र व्हॉल्व्हची दुरुस्ती जाणणाऱ्या कारागिरांची पिढी झपाट्याने विरळ होत आहे. परिणामी महागडे व्हॉल्व्ह अल्पावधीत जळणे, ट्रान्सफॉर्मर निकामी होणे आणि प्रसंगी जीवघेणा विजेचा धक्का बसणे असे धोके संभवतात. या पार्श्वभूमीवर पॉवर व्हॉल्व्हची निवड कशी करावी आणि त्याचा बायस कसा बसवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पॉवर व्हॉल्व्हचे कार्य :

गिटारच्या पिकअपमधून मिळणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. ईसीसी ८३ सारखे लहान व्हॉल्व्ह त्याचा विद्युतदाब वाढवतात. परंतु स्पीकरचा पडदा हलवण्यासाठी केवळ दाब पुरत नाही, शक्ती लागते. ही शक्ती पुरवणारा शेवटचा टप्पा म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह होय.

पॉवर व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि चारशे-पाचशे व्होल्ट धन दाब असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत कंट्रोल ग्रिड असते. तिच्यावरील ऋण दाब जितका अधिक, तितका प्रवाह कमी. पाण्याच्या चारीवरील दार वरखाली करून प्रवाह नियंत्रित करावा, तसाच हा प्रकार आहे. ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये स्क्रीन ग्रिड असते व तिच्यावर धन दाब असतो. पेंटोड प्रकारात त्यापुढे सप्रेसर ग्रिडही असते. बीम टेट्रोड प्रकारात हेच काम विशिष्ट आकाराच्या पत्र्यांकडून करवून घेतले जाते.

संकेत नसतानाही व्हॉल्व्हमधून काही प्रवाह वाहत राहतो. त्याला स्थिर प्रवाह म्हणता येईल. हा प्रवाह किती असावा, हे ग्रिडवरील कायमच्या ऋण दाबाने ठरते. या दाबालाच बायस असे म्हणतात. बायस गरजेपेक्षा अधिक ऋण ठेवल्यास व्हॉल्व्ह थंड चालतो, आवाज कोरडा व किरकिरा होतो. तो गरजेपेक्षा कमी ऋण ठेवल्यास प्लेटमध्ये अतिरिक्त उष्णता साठते, ती लाल होते आणि व्हॉल्व्ह अकाली निकामी होतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. संगीत ऐकण्यासाठीच्या ॲम्प्लिफायरमध्ये विकृती हा दोष मानला जातो. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र ती स्वराचाच एक भाग असते. ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात चालवला की पॉवर व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला पोहोचतो व लाटेचे माथे गोलसर दाबले जातात. वादकाला हाच परिणाम हवा असतो. म्हणून गिटार ॲम्प्लिफायरमधील पॉवर व्हॉल्व्ह मर्यादेच्या काठावर काम करतो आणि त्यामुळेच त्याची निवड व मांडणी काटेकोर असावी लागते.

प्रमुख प्रकार :

गिटार ॲम्प्लिफायरमध्ये प्रामुख्याने पुढील व्हॉल्व्ह आढळतात.

१) ६व्ही६जीटी : अमेरिकन बीम टेट्रोड. प्लेटची उष्णता-मर्यादा सुमारे १२ ते १४ वॅट, फिलामेंटचा प्रवाह ०.४५ अँपिअर. फेंडर कंपनीच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये याचा वापर होतो.

२) ईएल ८४ : युरोपीय पेंटोड. मर्यादा १२ वॅट, फिलामेंट ०.७६ अँपिअर. इंग्लंडमधील व्हॉक्स एसी ३० या प्रसिद्ध ॲम्प्लिफायरमध्ये असे चार व्हॉल्व्ह असतात.

३) ६एल६जीसी : १९३६ साली आरसीए कंपनीने आणलेल्या ६एल६ चे विकसित रूप. मर्यादा ३० वॅट, फिलामेंट ०.९ अँपिअर. स्वच्छ व भरदार स्वरासाठी प्रसिद्ध.

४) ईएल ३४ : युरोपीय पेंटोड. मर्यादा २५ वॅट, फिलामेंट १.५ अँपिअर. मार्शल ॲम्प्लिफायरचा मध्य सप्तकात उठून दिसणारा स्वर याच्याशी जोडला जातो.

५) ६५५० आणि केटी ८८ : १९५० च्या दशकातील मोठे बीम टेट्रोड. मर्यादा ३५ वॅट व त्याहून अधिक, फिलामेंट १.६ अँपिअर. बास गिटारच्या शक्तिशाली ॲम्प्लिफायरमध्ये यांचा वापर होतो.

स्वराचे श्रेय केवळ व्हॉल्व्हला देण्याची प्रथा वादकांमध्ये आहे. ती अर्धसत्य आहे. लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास तयार झालेला जेटीएम ४५ हा ॲम्प्लिफायर फेंडर बासमनच्या आराखड्यावर आधारलेला होता. आरंभी त्यात ५८८१ व्हॉल्व्ह होते, नंतर केटी ६६ आले आणि दशकाच्या उत्तरार्धात कंपनी ईएल ३४ कडे वळली. १९७० च्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक मार्शल ॲम्प्लिफायरमध्ये ६५५० बसवलेले असत. मात्र अशा प्रत्येक बदलाबरोबर परिपथातील रोध आणि बायस हेही बदलावे लागले. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, विद्युतदाब व स्पीकर या सर्वांच्या मेळातून स्वर घडतो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

निवडीचे निकष :

ईएल ३४, ६एल६जीसी आणि ६५५० या तिन्हींचा पाया आठ पिनांचा व एकाच मापाचा असल्याने ते एकमेकांच्या सॉकेटमध्ये सहज बसतात. येथेच फसगत होते. सॉकेटमध्ये बसणे आणि परिपथात बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून पुढील निकष तपासणे अगत्याचे ठरते.

अ) फिलामेंटचा प्रवाह : चार ६एल६जीसी मिळून ३.६ अँपिअर घेतात, तर चार ईएल ३४ मिळून ६ अँपिअर घेतात. ६.३ व्होल्टला हा फरक सुमारे १५ वॅटचा आहे. मुख्य ट्रान्सफॉर्मर हा अतिरिक्त भार पेलण्याजोगा नसल्यास तो तापून जळतो.

आ) पिनांची जोडणी : ईएल ३४ ची सप्रेसर ग्रिड पहिल्या पिनेवर असते व ती आठव्या पिनेला, म्हणजे कॅथोडला जोडावी लागते. ६एल६जीसीमध्ये ती जोडणी आतच झालेली असते, त्यामुळे त्याच्यासाठी बांधलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये पहिली पिन मोकळी असू शकते किंवा तिच्यावर दुसरीच तार टेकवलेली असू शकते.

इ) ग्रिडचा रोध : स्थिर बायसच्या परिपथात ईएल ३४ ला ५०० किलोओहमपर्यंतचा ग्रिडरोध चालतो. ६एल६जीसीसाठी उत्पादकांची मर्यादा १०० किलोओहम, तर ६५५० साठी ५० किलोओहम आहे. रोध अधिक असल्यास ग्रिडचा सूक्ष्म प्रवाह बायस हळूहळू घटवतो आणि व्हॉल्व्ह अनियंत्रित तापतो. प्रत्यक्षात अनेक उत्पादकांनी ही मर्यादा ओलांडलेली दिसते, तथापि मोठा व्हॉल्व्ह बसवताना हा रोध कमी करणे हिताचे असते.

ई) स्क्रीन ग्रिडची सुरक्षा : मोठ्या आवाजात प्लेटचा दाब क्षणभर स्क्रीनच्या दाबाखाली उतरतो. त्या क्षणी इलेक्ट्रॉन स्क्रीनकडे वळतात. ईएल ३४ च्या स्क्रीनची मर्यादा केवळ ८ वॅट, तर ६एल६जीसीची ५ वॅट आहे. म्हणून प्रत्येक स्क्रीनला स्वतंत्र रोध असावा. सर्वसाधारणपणे ६एल६जीसीसाठी ४७० ओहम व ईएल ३४ साठी १ किलोओहम हे मूल्य प्रचलित आहे.

उ) आउटपुट ट्रान्सफॉर्मर : व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार हवा असतो, स्पीकर मात्र ४, ८ किंवा १६ ओहमचा असतो. ही दरी ट्रान्सफॉर्मर भरून काढतो. ईएल ३४ च्या जोडीला ३.४ किलोओहमचा भार द्यायचा आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर भारांचे गुणोत्तर ४२५ येते. वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २०.६ असते. याच ८ ओहमच्या जोडणीला ४ ओहमचा स्पीकर लावल्यास व्हॉल्व्हला १.७ किलोओहमच दिसतात व तो अतिरिक्त प्रवाह ओढतो. स्पीकर न जोडताच ॲम्प्लिफायर वाजवणे तर सर्वांत घातक होय. तेव्हा प्राथमिक वेढ्यांत प्रचंड दाब निर्माण होऊन ट्रान्सफॉर्मरचे आवरण फुटू शकते.

जोडीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पुश-पुल रचनेत दोन व्हॉल्व्ह आलटून पालटून भार उचलतात. दोघांचा स्थिर प्रवाह समान असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात त्यांचे चुंबकत्व परस्परांना छेदते व गुणगुण कमी होते. म्हणून एकाच दाबावर तपासून जुळवलेली जोडी घ्यावी. दोहोंत दोन-चार मिलिअँपिअरचा फरक चालतो.

बायसच्या दोन पद्धती :

पहिली पद्धत कॅथोड बायसची. यात कॅथोड आणि जमीन यांच्यामध्ये एक रोध असतो. प्रवाह वाढला की रोधावरील दाब वाढतो, त्यामुळे ग्रिड कॅथोडच्या तुलनेत अधिक ऋण होते आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. ईएल ८४ च्या जोडीचे उत्पादकांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. ३०० व्होल्टवर प्रत्येक प्लेटमधून ३६ आणि प्रत्येक स्क्रीनमधून ४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. दोन्ही व्हॉल्व्हचा मिळून ८० मिलिअँपिअर प्रवाह १३० ओहमच्या सामाईक रोधातून जाताना १०.४ व्होल्टचा बायस निर्माण होतो. प्रत्येक प्लेटची उष्णता १०.८ वॅट, म्हणजे १२ वॅटच्या मर्यादेलगत राहते. या पद्धतीत सहसा काही फिरवावे लागत नाही. मात्र शक्ती कमी मिळते.

दुसरी पद्धत स्थिर बायसची. यात वेगळ्या परिपथातून ग्रिडला ऋण दाब पुरवला जातो. तो कमी-जास्त करण्यासाठी लहान प्रीसेट असतो. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये हीच पद्धत आढळते आणि व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस पुन्हा बसवण्याची गरज येथेच भासते. ‘स्थिर’ या शब्दाने गैरसमज होऊ नये. दाब स्थिर ठेवलेला असतो, प्रवाह नव्हे.

बायस बसवण्याची कार्यपद्धती :

सर्वप्रथम सुरक्षिततेचा विचार आवश्यक आहे. ॲम्प्लिफायरची वायर प्लगमधून काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टवर सुमारे १० जूल ऊर्जा धरून ठेवतो. हृदयाची गती बिघडवण्यास ही ऊर्जा पुरेशी ठरू शकते. म्हणून योग्य वॅटेजच्या रोधाद्वारे कपॅसिटर रिकामा करावा व मीटरने खात्री करूनच आत हात घालावा. चालू यंत्राचे मापन एका हाताने करावे, शेजारी दुसरी व्यक्ती असावी आणि अर्थिंग अखंड असावे. ज्याला उच्च दाबाच्या परिपथाचा सराव नाही, त्याने हे काम जाणकाराकडे सोपवावे.

स्थिर बायसचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१) योग्य ओहमचा स्पीकर जोडावा. आवाजाची सर्व बटणे शून्यावर ठेवावीत.

२) पॉवर व्हॉल्व्ह न बसवता यंत्र चालू करून प्रत्येक सॉकेटच्या पाचव्या पिनेवर ऋण दाब येतो का, हे पाहावे. एखाद्या सॉकेटवर तो नसेल तर तेथे बसवलेला व्हॉल्व्ह काही क्षणांत लाल होईल.

३) प्रीसेट सर्वाधिक ऋण दाबावर ठेवावा. यंत्र बंद करून व्हॉल्व्ह बसवावेत व पुन्हा चालू करावे.

४) दहा मिनिटांनंतर कॅथोडमधील १ ओहमच्या रोधावरील दाब मोजावा. तेथे १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर असे सरळ वाचन मिळते. त्यानंतर तिसऱ्या पिनेवरील प्लेटचा दाब मोजावा.

५) प्लेटची उष्णता काढावी. समजा, ईएल ३४ चा कॅथोड प्रवाह ४३ मिलिअँपिअर आहे. त्यातील स्क्रीनचे सुमारे ५ वजा केल्यास ३८ उरतात. ४५० व्होल्टशी गुणाकार करता १७.१ वॅट येतात. २५ वॅटच्या मर्यादेच्या हे ६८ टक्के होतात. मर्यादेच्या ६० ते ७० टक्के ही व्याप्ती सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते.

६) प्रवाह बदलला की प्लेटचा दाबही बदलतो, म्हणून प्रत्येक फेरबदलानंतर दोन्ही मापने पुन्हा घ्यावीत. अर्ध्या तासाने अखेरची तपासणी करावी. खोलीतील दिवा मालवून प्लेटवर लाली दिसत नाही याची खात्री करावी.

काचेच्या आतील बाजूस दिसणारी निळसर झाक निर्धोक असते. विद्युतअग्रांच्या मधोमध जांभळट प्रकाश दिसल्यास मात्र आत वायू शिरल्याचे समजावे. शिखरावरील चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर व्हॉल्व्हमध्ये हवा गेली आहे व तो टाकून द्यावा.

विद्युतपुरवठ्याचा प्रश्न :

परदेशी पुस्तिकांतील सूचना आपल्याकडे जशाच्या तशा लागू करता येत नाहीत, कारण त्या स्थिर विद्युतपुरवठा गृहीत धरतात. भारतीय वीज नियम, १९५६ नुसार कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंत चढउतार ग्राह्य मानला गेला होता. प्रत्यक्षातील चढउतार याहून अधिक असू शकतो. अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस नगर-मनमाड मार्गालगत वसलेल्या नागापूरसारख्या औद्योगिक परिसरात कारखान्यांचा भार पाळीनुसार बदलतो. भार असताना दाब उतरणे व तो सुटताच चढणे हा कोणत्याही वीजवाहिनीचा स्वभाव आहे.

याचा बायसवर होणारा परिणाम गणिताने दाखवता येतो. व्हॉल्व्हमधील प्रवाह दाबाच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, हा चाइल्ड-लँगम्यूर नियम होय. बायसचा दाबही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येत असल्याने सर्व दाब एकाच प्रमाणात चढतात, असे मानता येते. उष्णता म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून ती दाबाच्या अडीचाव्या घाताने वाढते. दाब ६ टक्क्यांनी चढल्यास उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. वरील उदाहरणातील १७.१ वॅटचे १९.८ वॅट होतात. हे सह्य आहे.

आता दुसरी स्थिती पाहू. कारखान्यांचा भार असताना पुरवठा २०७ व्होल्टवर उतरलेला आहे आणि त्याच वेळी बायस ६८ टक्क्यांवर बसवला. रात्री भार सुटून पुरवठा २४४ व्होल्टवर गेला. दाबांचे गुणोत्तर १.१८ येते आणि उष्णता दीडपटीने वाढून सुमारे २५.८ वॅट होते. म्हणजे बायस ‘नियमानुसार’ बसवूनही ईएल ३४ ने २५ वॅटची मर्यादा ओलांडली. कार्यक्रम बहुधा रात्रीच असतात, हे लक्षात घेता या उदाहरणाचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट होते. प्रत्यक्षात वीजपुरवठ्याच्या अंतर्गत रोधामुळे वाढ काहीशी कमी राहील, परंतु दिशा हीच राहील. बायसचा दाब झेनर डायोडने बांधून ठेवलेला असल्यास स्थिती अधिक बिकट होते, कारण प्लेटचा दाब चढतो व बायस मात्र जागीच राहतो.

यावर तीन उपाय सुचवता येतात. बायस बसवताना पुरवठ्याचा दाब मोजून नोंदवावा. तो २३० व्होल्टपेक्षा कमी असल्यास बायस ६० टक्क्यांच्या आसपासच ठेवावा. आणि कार्यक्रमस्थळी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर वापरावा.

अमेरिकेतून आणलेल्या ॲम्प्लिफायरबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथील पुरवठा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा आहे, आपला ५० हर्ट्झचा. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह ५० हर्ट्झवर २० टक्क्यांनी वाढतो व तो अधिक तापतो.

औद्योगिक गावांत मोटार व ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे कुशल कारागीर असतात. मुख्य ट्रान्सफॉर्मर ते उत्तम गुंडाळू शकतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र निराळा असतो. त्यात प्राथमिक व द्वितीयक वेढे थरांनी एकमेकांत गुंफावे लागतात, अन्यथा उंच स्वर हरवतात. मूळ ट्रान्सफॉर्मर उलगडताना थरांचा क्रम नोंदवून ठेवल्यास हे कामही स्थानिक पातळीवर शक्य आहे.

शक्ती आणि आवाज :

शंभर वॅटच्या ॲम्प्लिफायरमधील चारपैकी दोन व्हॉल्व्ह काढून आवाज निम्मा करण्याचा प्रयत्न काही वादक करतात. पुश-पुलच्या दोन्ही बाजूंचा एकेक व्हॉल्व्ह काढल्यास शक्ती निम्मी होते, परंतु ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते. कानाला हा फरक अल्पच वाटतो. शिवाय उरलेल्या व्हॉल्व्हना दुप्पट भार हवा असल्याने ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या जोडणीला लावावा लागतो. लहान सभागृहासाठी मुळातच ईएल ८४ किंवा ६व्ही६जीटीचा पंधरा-वीस वॅटचा ॲम्प्लिफायर निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्यात पॉवर व्हॉल्व्हची गोलसर विकृती कमी आवाजातही मिळते व खर्चही वाचतो.

खर्चाचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. आज गिटारसाठीचे बहुतांश व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत तयार होतात. २०२२ साली रशियातून होणाऱ्या निर्यातीत व्यत्यय आला, तेव्हा हा पुरवठा किती नाजूक आहे हे जगभरातील वादकांच्या लक्षात आले. योग्य बायसवर चालवलेला व्हॉल्व्ह अधिक काळ टिकतो, ही बचत म्हणूनच लहान नाही.

निष्कर्ष :

१) व्हॉल्व्हची निवड पायाच्या मापावरून न करता फिलामेंटचा प्रवाह, ग्रिडरोध, स्क्रीनची मर्यादा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा भार यांवरून करावी.

२) स्थिर बायसच्या ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह बदलल्यावर प्लेटची उष्णता मोजून बायस पुन्हा बसवणे अनिवार्य आहे.

३) ६० ते ७० टक्के हा निकष पुरवठ्याच्या दाबासह वाचला पाहिजे. दाब अस्थिर असलेल्या ठिकाणी त्या व्याप्तीची खालची बाजू स्वीकारणे हिताचे आहे.

४) उच्च दाबाचा धोका यंत्र बंद केल्यावरही कायम असतो, म्हणून कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय कोणतेही काम करू नये.

५) चाइल्ड-लँगम्यूर नियम, भारांची जुळणी, कपॅसिटरमधील ऊर्जा या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील संकल्पना या एकाच यंत्रात प्रत्यक्ष भेटतात. भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी योग्य देखरेखीखाली असा प्रकल्प हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना सिद्धांताची प्रचीती येईल आणि लोप पावत चाललेले दुरुस्तीचे कौशल्यही पुढील पिढीच्या हाती राहील.